एका सेलावरचा मार्च

मार्च आला की मला दमल्यासारखं होतं. हे वयाचं नाही. चाळिशीत होते तेव्हाही व्हायचं. होळी होऊन जाते, सकाळच्या वाऱ्यातला गारवा निघून जातो, आणि दुपारी बारा वाजता वाशीमच्या रस्त्यांवर एक पांढुरका शुकशुकाट पसरतो. पळस फुलून गळून जातो. शेजारच्या गच्चीवर शेजाऱ्यांची नात पुस्तक घेऊन फेऱ्या मारत असते. तिच्या चपलांचा फटफट आवाज आणि मधूनच तिचं ते घाईचं पुटपुटणं, 'त्रिकोणाच्या दोन बाजू व समाविष्ट कोन', माझ्या खिडकीतून आत येतं. मी हातातलं काम ठेवते आणि बसून राहते. खांदे आपोआप उतरतात. मला वाटतं, आता उठावं, अकरा मुली आल्या असतील, पाण्याचा माठ भरून ठेवायचा आहे.

त्या अकरा मुली आता साठीच्या पुढे गेल्या. काहींना नातवंडं आहेत.

तो आणीबाणीतला मार्च होता. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका. मी बी. एस्सी. होऊन घरी बसलेली होते, तेवीस वर्षांची. आई जाऊन चार वर्षं झाली होती. घरात बाबा आणि मी. बाबांनी तीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवलं होतं. निवृत्त झाले तरी मॅट्रिकच्या मुली आमच्या ओसरीवर यायच्याच. पैसे घ्यायचे नाहीत आणि दया दाखवायची नाही, अशी त्यांची रीत होती.

बाबांचे कान विलक्षण होते. मी आतल्या खोलीत पाटीवर गणित सोडवत असायचे आणि ते ओसरीवरून म्हणायचे, "पाचव्या पायरीला अडलीस ना?" खडूच्या आवाजावरून त्यांना कळायचं. वाण्याने बेरीज चुकवली तर त्याला तिथल्या तिथे सांगायचे, मी बोलताना वाक्य अर्धवट सोडलं तर ते पूर्ण करायला लावायचे. त्यात राग नसायचा. समोरच्याचं बरोबर व्हावं एवढीच कळकळ. पण मी लहानपणापासून कुणीतरी ऐकत असलेली मुलगी होते. एकटी असतानासुद्धा मनात वाक्य जुळवून मगच बोलायची मला सवय लागली होती.

त्यांचा डावा डोळा आधीच गेल्यासारखा होता. उजव्यात मोतीबिंदू पिकला. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका जिनिंगच्या रिकाम्या गोदामात डोळ्यांचं शिबिर भरलं होतं, तिथे ऑपरेशन झालं. हंगाम संपत आलेला होता, सरकी निघून गेली होती, पण गोदामाच्या कोपऱ्यांतून अजून कापसाचे पुंजके उडत होते. पत्र्याखाली ओळीने खाटा. प्रत्येक खाटेवर दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधलेलं एकेक माणूस, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, म्हणजे मान हलायला नको. मी पहिल्यांदा आत गेले तेव्हा मला वाटलं, इथे कुणी बोलतच नाही. मग हळूहळू कळलं, सगळे ऐकत पडलेले आहेत.

पाचव्या दिवशी बाबांच्या डोळ्यात आतल्या आत रक्त उतरलं. शिबिर उठलं, माणसं घरोघर गेली, पण चार रोगी हलवण्यासारखे नव्हते. त्यांना तिथेच ठेवलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "मान हलवायची नाही. जास्त बोलायचं नाही. त्रास करून घ्यायचा नाही. नाहीतर डोळा जाईल."

आणि बाबा तर त्रासच करून घेत होते. मुलींची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

"भूमिती कोण घेतंय?"

"मी घेते आहे, बाबा."

"तू?" असं म्हणून ते जरा उठायलाच लागले. नर्सबाईने खांदे धरून झोपवलं. "समरूपता तू घाईत सांगतेस. मला ऐकल्याशिवाय कसं कळणार?"

'ऐकल्याशिवाय' हा शब्द माझ्या डोक्यात राहिला. घरी कपाटात बाबांचं एक यंत्र होतं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांनी आणि मी मिळून बनवलं होतं. लाकडी पट्टीवर बसवलेला छोटा एफएम ट्रान्समीटर, दोन ट्रान्झिस्टर, तांब्याच्या तारेची वेटोळी, टेलिफोनच्या जुन्या रिसीव्हरमधला मायक्रोफोन. प्रदर्शनात तो फारसा कुणाला कळला नव्हता, कारण त्याचा आवाज पकडणारा रेडिओ गावात एकच होता. मोतीलालशेठ म्हणून कापडाचे व्यापारी होते, जैन, बाबांच्या वयाचे, बाबांकडेच त्यांच्या दोन मुली शिकलेल्या. त्यांच्याकडे परदेशातून आणलेला एक रेडिओ होता. त्यावर एफएमचं एक वेगळं बटण होतं. शेठ ते बटण दाबून पाहुण्यांना दाखवायचे आणि म्हणायचे, "इथं काईच लागत नाही." काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला तरी नुसती शूऽऽ अशी शांतता. सगळ्या वऱ्हाडात त्या पट्टीवर बोलणारं कुणी नव्हतं. आम्हीच होतो काय ते.

शेठनी रेडिओ लगेच दिला. "मास्तरले आयकाले पाह्यजे ना? मंग घेऊन जा बाई, विचारतं काय?"

मी ओसरीवर यंत्र मांडलं, सहा सेल जोडले, शेवग्याच्या झाडावर लांब तार चढवली. तिकडे बाबांच्या कानात रेडिओचं कानातलं, म्हणजे इयरफोन, घातलं. डॉक्टर हसले. म्हणाले, "ऐकू दे त्यांना, पण उत्तर देऊ नका म्हणावं."

पहिल्या दिवशी वर्ग संपवून संध्याकाळी पाच वाजता गेले तर बाबांच्या चेहऱ्याचा पट्टीखालचा भाग उजळलेला होता. "स्वच्छ ऐकू आलं," ते म्हणाले. "तू 'म्हणून' ऐवजी 'कारण' म्हणालीस. सिद्धतेत त्याने सगळं उलटं होतं. आणि धनजच्या कुसुमला दोनदा विचार. ती समजलं म्हणते तेव्हा समजलेलं नसतं."

खरं होतं ते. कुसुम धनजहून आलेली, मावशीकडे राहून शिकणारी, भूमितीला घाबरलेली मुलगी. "समजलं ना?" विचारलं की मान डोलवायची आणि वहीत त्रिकोणाऐवजी नुसता खाडाखोडीचा डाग असायचा.

आठवडाभर असं चाललं. सकाळी स्वयंपाक, बाबांचा डबा, दुपारभर वर्ग, संध्याकाळी बाबांच्या खाटेशी बसून माझ्या चुका ऐकायच्या, रात्री दुसऱ्या दिवसाची तयारी. ते समाधानी होते, मान हलवत नव्हते, डोळ्यातलं रक्त ओसरू लागलं होतं. मी मात्र बोलताना प्रत्येक वाक्य आधी मनात एकदा, मग तोंडाने एकदा असं म्हणत होते. मायक्रोफोनसमोर बसलं की माझ्या पाठीत ताठपणा यायचा. मुली समोर होत्या, पण मी त्यांना शिकवत नव्हते. मी पाऊण मैलावरच्या एका खाटेला उत्तर देत होते.

एके दिवशी वर्ग चालू असताना फाटकाशी एक हवालदार येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, टोपी काखेत, मानेवरून घाम ओघळतोय. माझ्या हातातला खडू थांबला.

"होऊ द्या बाई," तो म्हणाला. "सिद्धता पुरी होऊ द्या. मी थांबतो."

ती सिद्धता मी कशी पूर्ण केली कोण जाणे. मुलींना पाणी प्यायला आत पाठवलं. हवालदार पायरीवर बसला. ठाण्यातल्या वायरलेसवर त्याची नेमणूक होती. इंगळे त्याचं नाव.

"तुमचं हे मशीन कुठं कुठं आयकू येते, माहीत हाये का तुमाले?"

"जिनिंगपर्यंत. वडील तिथे आहेत. डोळ्याचं ऑपरेशन झालंय."

"ठाण्यातबी येते. माह्या सेटवर." तो जमिनीकडे बघत बोलत होता. "चार दिवस मी आयकलं अन् गप राह्यलो. मॅट्रिकले मी गणितातच गेलो होतो बाई. म्हटलं, चाललं हाये तं आयकू. पण काल साहेब माह्या मांगं येऊन उभे राह्यले. त्याईनं आयकलं."

"काय ऐकलं?"

"समजा, अ ब क हा काटकोन त्रिकोण हाये." त्याला हसू आलं, पण ते त्याने लगेच गिळलं. "साहेब म्हणे, हे कोनाची सांकेतिक भाषा हाये ते शोधून काढ. दिवस कसे हायेत ते तुमाले मी सांगाव का? लायसन हाये का याचं?"

मी मान हलवली. लायसनचा विचारच माझ्या मनात कधी आला नव्हता. त्या दिवसांत माणसं साध्या पत्रकासाठी आत गेली होती. मी गेले तर? बाबांना कोण सांगेल? आणि सांगितलं तर ते उठून बसतील आणि डोळा जाईल.

"तुम्ही साहेबांना सांगणार का?"

"मले उद्या सांज्याच्या आत शोधाचं हाये," तो म्हणाला. "पण सेटवर काही आलंच नाही, तं शोधाव काय? पावर कमी करा बाई. वडिलाईले आयकू येईन, मले येनार नाही, एवढी कमी करा."

इतक्या थोडक्यात त्याने ते सांगितलं. पण पुढचा सगळा दिवस आणि त्यानंतर परीक्षेपर्यंत मी तेवढंच करत राहिले.

असं यंत्र रेडिओच्या पट्टीवर आपण ठरवलेल्या जागी बोलतं, पण दुप्पट वारंवारतेवरही त्याचा थोडा आवाज सांडतो. ठाण्याचा सेट तिथे ऐकत असणार. जोर कमी केला की सांडणंही कमी होतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. करायचं कसं ते बाबांना विचारता आलं असतं, पण बाबांना विचारायचं नव्हतं. त्यांना मी सांगितलं की रेडिओ साफ करायला नेते आहे.

दुसऱ्या दिवशी मुलींना सुट्टी दिली. मोतीलालशेठ छत्री उघडून, रेडिओ खांद्याला लावून भर उन्हात निघाले. ते जाडजूड, चालायची सवय नसलेले, तरी नाही म्हणाले नाहीत. ठाण्याच्या दारात इंगळे हवालदार उभा राहणार, आत सेटवर आवाज आला तर टोपी डोक्यावर, नाही आला तर टोपी हातात, असं ठरलं होतं. मी ओसरीवर एकटी बसून आकडे म्हणत होते. एक, दोन, तीन, चार. शेठ जिनिंगपर्यंत जायचे, परत यायचे, ओसरीवर धपकन बसून पाणी प्यायचे आणि सांगायचे.

आधी मी दुसरा ट्रान्झिस्टर काढला. पहिला लहर तयार करतो, दुसरा तिला जोर देतो. कथील वितळवायची तापलेली सळई टेकवली, राळेचा धूर डोळ्यांत गेला, त्याचे तीन पाय सुटले. पहिल्याची तार सरळ एरियलला जोडली.

"टोपी डोस्क्यावर," शेठ परत येऊन म्हणाले.

शेवग्यावरची तार अर्धी कापली.

"डोस्क्यावरच हाये."

उरलेली तारही काढली, हातभर ठेवली. सहा सेलांचे पाच केले. मग चार. दर वेळी शेठ जात होते, छत्रीची काळी गोल सावली रस्त्यावरून लहान होत जायची, मग पुन्हा मोठी होत यायची. वाटेत कुणी विचारायचं, "शेठ, कोनतं गानं?" शेठ सांगायचे, "गानं नाही रे भाऊ. आकडे."

तीन सेलांवर टोपी हातात आली.

"अन् जिनिंगवर?" मी विचारलं.

शेठनी उत्तर द्यायच्या आधी चेहरा पुसला. "जिनिंग तं कवाचंच बंद पडलं बाई. चार सेलांवरच. ठाण्याच्या पुढं दोन घरं गेलो की आवाजच नाही."

मी यंत्राकडे बघत राहिले. आमचं घर या टोकाला, मधे ठाणं, पलीकडे जिनिंग. हे मला रोज चालत जाताना दिसत होतं. ठाण्याला ऐकू न जाता जिनिंगला ऐकू जाईल अशी जागा त्या यंत्रात कुठेच नव्हती. एवढं साधं भूमितीचं मला एक दुपार घालवून कळलं.

शेठ म्हणाले, "मंग वर्गच तिकडं न्या ना. जिनिंग माह्या साडूचं हाये. गोदामाच्या मांगं रुई मोजाची खोली हाये, खालीच पडली हाये. भिंतीच्या इकून तुमी, तिकून मास्तर."

"मग भिंतीशी बसून मोठ्याने बोलले तरी चालेल," मी म्हणाले.

पण ते चालणार नव्हतं. मधे दगडी भिंत होती, आणि गोदामात आवाज होऊ द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाकीचेही रोगी होते. म्हणून यंत्र तिकडे नेलं. जिनिंग ठाण्याच्या जास्त जवळ होतं. तिथून दोन सेलांवर हवालदाराच्या सेटवर थोडी खरखर आली. एका सेलावर काही नाही. शेठनी रेडिओ बाबांच्या उशाशी धरून पाहिला. एका सेलावर बारीक, लांबून आल्यासारखा, पण माझा आवाज येत होता.

तर एक सेल. पेन्सिलीएवढा. दुसरा मी पर्समध्ये टाकला.

बाबांना सांगितलं, "मुलींना इकडेच बरं पडतं." ते म्हणाले, "बरं." पुढे काही विचारलं नाही. याचं मला तेव्हा नवल वाटायला हवं होतं.

रुई मोजायच्या खोलीत मोठा काटा टांगलेला होता, कोपऱ्यात तागाची पोती रचलेली. पत्रा तापायचा. मुली गावाच्या त्या टोकापासून उन्हात चालत यायच्या, तोंडं लाल व्हायची, कपाळाला कापसाचे तंतू चिकटायचे. परीक्षा जवळ येत होती तसतशा त्या गप्प होत चालल्या होत्या. मी पुन्हा पाठ ताठ करून एका सेलासमोर बसायचे, आणि संध्याकाळी पाचला भिंतीला वळसा घालून बाबांकडे जायचे.

"ऐकू आलं ना?"

"आलं. बारीक येतं, पण येतं."

"कसं झालं?"

"बरं झालं. उदाहरणं अजून दे."

त्यांच्या शेजारच्या खाटेवर रिठदचे किसनराव होते. शेतकरी, सत्तरीचे, त्यांच्याही डोळ्याचं काही बिघडलेलं. त्यांची बायको रोज बाजारातून काही ना काही बातमी आणून त्यांच्या कानाशी बसायची. मी आले की किसनराव म्हणायचे, "आली का मास्तरीनबाई?" आणि मग गप्प व्हायचे.

मग तो दिवस आला. मुली हॉल तिकिटं आणायला शाळेत गेल्या होत्या. वर्ग नव्हता, हे मी बाबांना सांगायला विसरले. सवयीने मी त्या खोलीत जाऊन बसले, यंत्र चालू केलं नाही. पोत्यांना पाठ टेकवली. जरा डोळे मिटावे म्हटलं, आणि झोपले. किती दिवसांची झोप होती ती. उठले तेव्हा पाच वाजून गेले होते आणि गालावर तागाची नक्षी उमटली होती.

तशीच भिंतीला वळसा घालून गेले. मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "आज वर्तुळाचं प्रमेय नीट सांगितलंस. शेवटी आवाज जरा खाली गेला तुझा."

त्यांच्या कानात कानातलं होतं. पट्टीखाली ओठांवर ते समाधान होतं, शिकवलेलं बरोबर आलं की असायचं तसं.

"हो," मी म्हणाले. "दमले होते."

थोड्या वेळाने किसनरावांना बाहेर न्यायचं होतं. बायको आली नव्हती, नर्सबाई कामात होती. मी त्यांचा हात धरला. पडवीच्या टोकाला गेल्यावर ते थांबले.

"पोरी, एक सांगू का? मास्तरले सांगजो नको."

"सांगा काका."

"त्या कानातल्यातून सहा दिवस झाले काहीच येत नाही. नुसतं शूऽऽ करते. मास्तरनं मले आयकाले देलं होतं, म्हनून मले माहीत."

"मग बाबा बोलले का नाहीत?"

"ठान्यात बाईचा आवाज येते म्हनून गावभर झालं होतं. माह्या घरवालीनं सांगतलं, मी मास्तरले सांगतलं. मास्तर म्हणे, पोरीले कळलं तं ते पावर वाढवीन, अन् तिले नेतीन. बोलू नको म्हणे." किसनराव जरा घुटमळले. पट्टी बांधलेला चेहरा त्यांनी माझ्याकडे वळवला. "अन् म्हणे, मी आयकून राह्यलो असं वाटलं तं ते नीट शिकवीन."

दोन्ही कारणं खरी होती. बाबांना मी ओळखत होते. पहिल्याने माझे डोळे भरून आले आणि दुसऱ्याने ते तसेच कोरडे झाले. मी किसनरावांना परत आणून खाटेवर निजवलं, वाळूच्या पिशव्या लावल्या, आणि घरी चालत गेले. रस्ता कधी संपला कळलं नाही.

सेल उतरला होता, किंवा पत्रा आणि भिंत मिळून त्या आवाजाला जास्त झाले होते. उपाय माझ्याजवळ होता. पर्समधला दुसरा सेल लावला असता तर बाबांना ऐकू आलं असतं. ठाण्यात थोडी खरखर झाली असती, नसतीही झाली. इंगळे हवालदार पुन्हा गप्प राहिला असता, नसताही राहिला. मी लावला नाही. बाबांच्या डोळ्याची काळजी, ठाण्याची भीती, ही कारणं मी स्वतःला दिली. ती खोटी नव्हती. पण खरं कारण मला किसनरावांचं ऐकतानाच, गालावरच्या तागाच्या नक्षीवर हात फिरवताना कळलं होतं. मला बरं वाटलं होतं. सहा दिवस मला कुणी ऐकलं नव्हतं, आणि काहीही बिघडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुली यायच्या आधी मी यंत्र चालू केलं. मायक्रोफोन जवळ ओढला आणि म्हणाले, "बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही हे मला कळलंय." पत्रा तडतडत होता. मग यंत्र तसंच चालू ठेवून मी त्याच्याकडे पाठ केली आणि जमिनीवर मुलींच्यात बसले.

ते शेवटचे दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. वजनाच्या काट्याला दोरी बांधून आम्ही त्रिकोण केले. दोन पोत्यांमधल्या कोनात सुलभा जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी समाविष्ट कोन." मुली खूप दिवसांनी हसल्या. एकदा मी फळ्यावर भराभर लिहीत होते आणि मागून कुसुम म्हणाली, "ताई, तिसऱ्या पायरीले चुकलं." मी बघितलं. चुकलं होतं. मी खडू तिच्या हातात दिला. तिने बरोबर लिहिलं आणि मग, कुणी न सांगता, पुढची पायरीही लिहिली. त्या मुलीचा असा मोकळा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. माझाही बहुधा तिने ऐकला नव्हता.

आणि रोज संध्याकाळी पाच वाजता मी बाबांशेजारी बसायचे. ते अंदाजाने काही सांगायचे, मी हो म्हणायचे. "आज कुसुमला विचारलंस ना?" "विचारलं बाबा." "आवाज चांगला लागला होता." "हो." एकमेकांना सांभाळणारी दोन खोटी माणसं. किसनराव शेजारी पडून सगळं ऐकायचे आणि एक शब्द बोलायचे नाहीत. मी घरी जायचे तेव्हा पाय इतके जड असायचे की फाटकाची कडी काढायलाही कष्ट पडायचे. शिकवण्याने माणूस दमतं. पण प्रेमाने खोटं बोलण्याचा शिणवटा वेगळाच, तो झोपून जात नाही.

परीक्षा झाली. बाबांची पट्टी निघाली. जाड भिंगाच्या चष्म्यातून त्यांना दिसू लागलं. आधी उजेड, मग माझा आकार, मग चेहरा. यंत्र मी सुटं करून टाकलं, रेडिओ शेठना परत केला. बाजारात एकदा इंगळे हवालदार भेटला. म्हणाला, "आता सेट लय सुनासुना वाटते बाई." आणि निघून गेला.

जूनमध्ये निकाल लागला. दोघी राहिल्या, बाकीच्या पास झाल्या. कुसुमला गणितात चांगले गुण मिळाले. मुली पेढे घेऊन आल्या, मोतीलालशेठही आले. सगळ्या ओसरीवर बाबांच्या पाया पडू लागल्या. कुसुम म्हणाली, "सर, तुमच्यामुळं झालं. तुमी आयकून राह्यले होते म्हनून ताईनं लय मन लावून शिकवलं."

बाबांनी पाय मागे घेतले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांना इतक्या माणसांत असं अडखळताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "जिनिंगमधे तुम्ही आलात ना, त्यानंतर मला एक शब्दही ऐकू आला नाही. एक-दोन दिवस आला असेल, बस. मी हिला खोटं सांगत होतो. तुम्हाला हिने शिकवलं आहे. मी काहीच केलेलं नाही. पाया पडायचं तर तिच्या पडा."

मग कुसुम वळून माझ्याकडे आली आणि मी मागे सरकले.

सगळ्या गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. त्यांनी मला समोर बसायला सांगितलं. भिंगामागे त्यांचा डोळा फार मोठा आणि ओला दिसत होता. आयुष्यभर दुसऱ्याची चूक दाखवलेल्या माणसाला स्वतःची सांगून मोकळं वाटत होतं, हे दिसत होतं.

"तुला कळलं होतं का ग?" त्यांनी विचारलं.

ती वेळ होती. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यामागून दुसरं आलं असतं, की कळल्यावरही मी तुम्हाला ऐकू येईल असं काही केलं नाही, आणि तिसरं, की मला ते हवंहवंसं वाटलं. मी फार दमले होते.

"नाही बाबा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि माझ्या हातावर थोपटलं. पुढे ते नऊ वर्षं होते. दर मार्चमध्ये ओसरीवर मुली यायच्या, मी शिकवायचे, आणि वर्ग सुरू झाला की बाबा काठी घेऊन उठायचे आणि मुद्दाम मागच्या अंगणात जाऊन बसायचे, मला मोकळं वाटावं म्हणून.